कोपनहेगनच्या आजीबाईंची सायकलफेरी

इतिहास म्हटला की राजेमहाराजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा त्या वाटेला मी जात नाही. पण चिटणीसबाईंना स्मरणिकेसाठी इतिहासावरच लेख हवा होता, म्हणून एका तीनचाकी सायकलीची हकीकत भगिनींपुढे ठेवते. ती घडली डेन्मार्क देशात, अलीकडे २०१२ साली. पण तिची मुळे बरीच मागे जातात.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. मुलूख सपाट, त्यामुळे सायकल तिथे पूर्वीपासून घरोघरी. १९४० ते १९४५ या काळात जर्मनांनी तो देश व्यापला, पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा तर कामावर जाणारे पुरुष काय आणि बाजाराला निघालेल्या बायका काय, सारा भार सायकलीवरच. युद्धानंतर सुबत्ता आली, मोटारी आल्या, सायकल मागे पडली. पुढे १९७३ साली तेलाची टंचाई झाली आणि सरकारने काही महिने रविवारी मोटारी चालवण्यास मनाई केली. सायकली पुन्हा बाहेर निघाल्या. हजारो लोकांनी मोर्चे काढून सायकलींसाठी वेगळे रस्ते मागून घेतले.

आता बोटांवर हिशेब करा. युद्धकाळात सायकल मारणारी अठरा-वीस वर्षांची मुलगी २०१२ साली नव्वदीच्या घरात आली. शहर सायकलींचे झाले, पण ती स्वतः वृद्धाश्रमाच्या खिडकीशी. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, अंथरूण स्वच्छ. उणे एवढेच की बाहेर कोण नेणार? मला या हकीकतीत हेच फार लागले. आपल्या घरातली म्हातारी माणसे आपल्याजवळ आहेत खरी, पण तिसऱ्या मजल्यावर आहेत. माझ्या सासूबाईंना ‘चला, रिक्षा आणते’ म्हटले की त्या विचारतात, ‘आज कुठला डॉक्टर?’

तर त्या साली ओले कासो नावाचे गृहस्थ सायकलीने कामावर जात असताना वाटेत एका वृद्धाश्रमापुढच्या बाकावर ९७ वर्षांचे एक आजोबा बसलेले त्यांना दिसत. यांना पुन्हा सायकलीवर कसे बसवावे, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. अखेर त्यांनी एक तीनचाकी सायकलरिक्षा मिळवली आणि थेट वृद्धाश्रमाच्या दारात उभी केली. ओळख ना देख! पण एक आजीबाई परिचारिकेला घेऊन बसल्या आणि फिरून आल्या. पाठोपाठ वृद्धाश्रमातून कासोंना फोन, की आता बाकीचेही हट्ट धरून बसले आहेत.

एकट्याने किती फेऱ्या मारणार? त्यांनी नगरपालिकेला लिहिले. तिथे डोर्टे पेडरसन या बाई कामाला होत्या. त्यांना कल्पना पटली आणि पहिल्या पाच गाड्या घेतल्या गेल्या. कासोंचे नाव सगळीकडे होते, पण मला या बाईंचे मोठे कौतुक वाटते. सरकारी टेबलावर आलेला कागद बाजूला सारणे किती सोपे असते!

गाडीची रचना समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडच्या सायकलरिक्षात ओढणारा पुढे असतो, बसणाऱ्याला त्याची घामेजलेली पाठ दिसते. इथे उलट. दोन चाके आणि दोघांची बैठक पुढे, चालवणारा मागे. समोरचा रस्ता सगळा आजीबाईंचा. वाकून बोलले की चालवणाऱ्याचे बोलणे कानाशी येते. पट्टा असतो, टप असतो, पायांवर घोंगडी असते, आणि जोडीला विजेची मोटर, म्हणून साधारण अंगाच्या बाईलाही ती चालवता येते.

माणसाने माणसाला ओढावे का, असे आमच्या शेजारणीने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. माथेरानच्या हातरिक्षा बंद कराव्यात असा आदेश २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो योग्यच झाला. पण तिथे पोटासाठी ओढणे होते. इथे पैसा घ्यायचाच नाही. चालवणारा आपला तासभर देतो, आणि पुष्कळदा बदल्यात जुन्या गोष्टी ऐकून घरी जातो. या चळवळीचे नाव ‘सायकलिंग विदाउट एज’, म्हणजे सायकलीला वय नाही. केसांतून वारा जाण्याचा हक्क म्हातारपणीही आहे, हे तिचे सांगणे. गाडी सावकाश हाकायची, असा तिथे दंडकच आहे. घाई केली तर गोष्ट अर्धी राहते ना!

२०१५ पासून हे काम डेन्मार्कबाहेर पसरले आणि सुमारे चाळीस देशांत पोचले. आपल्या आशियात सिंगापूरलाही ते चालते.

आपल्या रस्त्यांवरची गर्दी आणि खड्डे मला दिसत नाहीत असे नाही. गाडीही स्वस्त नाही. पण सकाळी सहा ते सात या वेळात तळ्याकाठचा रस्ता मोकळा असतो. पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. गाडी होईपर्यंत चाकांची खुर्ची चालेल. एक खुर्ची आमच्या माळ्यावर पडून आहे. ज्या भगिनी आठवड्यातून एक तास देऊ शकतील त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांना कुठे जावेसे वाटते ते आधी विचारून ठेवावे. सासूबाईंनी जुन्या भाजीबाजाराचे नाव घेतले आहे.