दऱ्या, दर्या आणि बिलोली

नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्याला लागून तेलंगणाची हद्द आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेने मध्ये रेषा आली. एकच नाव दोन लिप्यांतून जाताना तेच राहते का, हा प्रश्न अशा सीमेवर नवा नाही. संगणकाच्या क्षेत्रात तो निराळ्या रूपाने पुन्हा उभा राहिला. त्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते. कारण आपले वाङ्मय आता त्याच वाटेने पुढच्या पिढीकडे जाणार आहे.

आयआयटी कानपूर येथे सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानामागची कल्पना देखणी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला बहुतांशी समान; मग ‘ब’ला एकच संकेतांक द्यावा आणि तो देवनागरीत दाखवायचा की तेलुगूत, हे नंतर ठरवावे. १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने ही संकेतप्रणाली भारतीय मानक ठरली. छपाईच्या व्यवहारात मात्र वेगळेच घडले. डीटीपीच्या अनेक फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागी आपापली देवनागरी चिन्हे बसवली. फॉन्ट काढून घेतला की उरे ती निरर्थक रोमन अक्षरे. त्या काळात जुळवलेली कितीतरी पुस्तके आजही अशा फायलींत अडकून आहेत.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने प्रत्येक लिपीला स्वतंत्र कोष्टक दिले, पण अक्षरांचा क्रम इस्कीचाच ठेवला. त्यामुळे देवनागरी अक्षराच्या संकेतांकात ७६८ मिळवले की त्याच उच्चाराचे तेलुगू अक्षर हाती येते. ‘बिलोली’ या बेरजेने बिनचूक पलीकडे पोचते. ‘कॅमेरा’ पोचत नाही. ‘ॅ’च्या जोडीची जागा तेलुगूच्या कोष्टकात रिकामी आहे.

असे वारंवार लागणारे काम प्रोग्रॅमर एकदाच लिहून ‘लायब्ररी’ म्हणून ठेवतात. ती सर्वत्र सारखीच चालावी ही अपेक्षा. अडचण तिथेच आहे. ‘बिलोली’ची लांबी विचारली तर गो ही भाषा १८ सांगते, जावा ६ आणि स्विफ्ट ३. पहिली बाइट मोजते, दुसरी सोळा बिटांची एकके, तिसरी डोळ्यांना दिसणारी अक्षरे. तिघींचे उत्तर आपापल्या जागी बरोबर आहे. एकाच भाषेच्या दोन अवतारांतही एकमत नसते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. २००६ चे जावा ६ युनिकोड ४.० वर उभे होते, म्हणून त्याच्या लेखी ‘ॲ’ हे अक्षरच नव्हे. २०११ च्या जावा ७ ने ते ओळखले. लायब्ररी तीच, पण निवाडा मात्र दोन प्रकारचा.

यावर ‘आयसीयू’ या लायब्ररीने काढलेला तोडगा साधा आहे. १९९९ मध्ये आयबीएमने ती सर्वांसाठी खुली केली. सी, सी++ आणि जावा या तिन्हींत तिने एकच उत्तर द्यावे, यासाठी ती यजमान भाषेच्या कोष्टकावर विसंबत नाही. आपले कोष्टक आपल्याबरोबर नेते. भारतीय लिप्यांचे परस्पर लिप्यंतर करताना ती मध्ये एक सामाईक रूप घेते. इस्कीची कल्पनाच येथे नव्या वेषात भेटते.

परंतु सर्वत्र सारखे म्हणजे बरोबर, असे नव्हे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची. हा ‘ऱ’ मुळात द्राविडी भाषांतील ध्वनीसाठी ठेवलेला. मराठीचा एक विशेष दक्षिणेच्या आसऱ्याने टिकला आहे. दुसरी रीत ‘र’ आणि हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याची. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण शब्दांची तुलना करण्याचा युनिकोडचा मूळ नियम ते अदृश्य चिन्ह जमेस धरत नाही. परिणामी दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ त्या नियमापुढे ‘दर्या’ ठरतात. हा नियम जितक्या निष्ठेने पाळावा तितकी ही चूक अधिक ठिकाणी, अगदी एकसारखी घडते.

प्रत्येक भाषेसाठी वेगळे नियम जोडण्याची सोय या व्यवस्थेत आहे. तो नियम कोणी लिहायचा, एवढाच प्रश्न उरतो. यंत्र जाणणाऱ्यांना दोन संकेतांकमाला दिसतात. समुद्र आणि डोंगर यांतले अंतर ठाऊक असते ते वाचणाऱ्यांना. शब्दकोश करणारे, पाठचिकित्सा करणारे, शुद्धलेखन शिकवणारे यांचे हे काम आहे. ते आपण परके मानले, तर उद्याच्या शोधयंत्रात आपल्या कवितेतल्या दऱ्या बुडालेल्या असतील, आणि त्या बुडाल्याचे कोणाच्या ध्यानीही येणार नाही.