दोन मापांचे रूळ, एकच माल

१६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आणि १ मे १८५४ रोजी कल्याणला आगगाडी पोचली, ती ५ फूट ६ इंच अंतराच्या रुळांवरून. इंग्लंडमध्ये ४ फूट साडेआठ इंचांचा प्रघात होता. पण लॉर्ड डलहौसीला हिंदुस्थानसाठी त्याहून रुंद रूळ हवे होते. त्यातून ठरलेले हे माप, १६७६ मिलिमीटर, म्हणजे आपले ब्रॉडगेज. याच मापाच्या रुळांनी १८६० मध्ये सोलापूर गाठले.

रुंद रूळ भक्कम, पण खर्चिकही. त्यामुळे मुख्य मार्ग ज्या गावांना बगल देऊन गेला, त्यांच्या मालाचे काय हा प्रश्न उरला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. तिला जवळचे स्टेशन म्हणजे बार्शी रोड, आजचे कुर्डुवाडी. पेठेपासून स्टेशनपर्यंत सारा माल बैलगाड्यांनी यायचा. १८८२ पासून ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत लोको इन्स्पेक्टर असलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ही अडचण हेरली. त्याने १८९५ मध्ये कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा सुमारे २१ मैलांचा मार्ग सुरू झाला. माप फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेज. लोकांच्या तोंडी ती झाली ‘बार्शी लाइट’.

मात्र कल्याणकडे जाणारा प्रत्येक गठ्ठा आता कुर्डुवाडीला थांबणार होता. अरुंद रुळांवरची वाघीण रुंद रुळांवर जात नाही. तिच्यातला माल काढून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागतो. हे काम हमालांच्या पाठीवर आले. वेळ गेला, मजुरी वाढली, पोती फाटली. नॅरोगेजच्या विरोधकांचा मुख्य आक्षेप हाच होता.

कॅलथ्रॉपचे उत्तर वाघिणीच्या बांधणीत होते. इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांहून जास्त भार येणार नाही, असे त्याने ठरवले. लीड्सच्या किटसन कारखान्याचे इंजिन त्यासाठी सहा आसांवर उभे केले. वाघिणींच्या बोगींना दाबून घडवलेल्या पोलादाच्या चौकटी दिल्या. त्यामुळे वाघिणीचे स्वतःचे वजन घटले आणि त्या जागी माल चढला. रूळ यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे असूनही भरपूर माल वाहू लागले. रूळ स्वस्त पडले आणि वाहतुकीचा खर्च उतरला, की कुर्डुवाडीची हमाली परवडते, हा त्याचा हिशोब होता.

मग दोन्ही मापांच्या वाघिणी एकाच गाडीला का जोडल्या नाहीत? जगात हे झाले आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतील अलामोसा ते अँटोनिटो मार्गावर तीन रूळ होते: एक दोन्ही मापांना सामाईक, बाकीचे दोन आपापल्या मापाचे. एकच वाफेचे इंजिन दोन्ही मापांच्या वाघिणी ओढायचे. एक रूळ सामाईक असल्याने रुंद आणि अरुंद वाघिणींचे मध्य एका रेषेत येत नाहीत. म्हणून दोहोंच्या मध्ये एक खास वाघीण जोडत. तिच्यावर दोन्ही मापांना जुळणाऱ्या जागी कपलिंगे असत. तिथे मध्यांतला फरक सुमारे १० इंचांचा होता. आपल्या १६७६ आणि ७६२ मिलिमीटरमध्ये तो दीड फूट भरतो. इतक्या तिरक्या ओढीने वळणावर हलकी वाघीण रुळांवरून घसरण्याची भीती मोठी. शिवाय ब्रॉडगेजच्या वाघिणींना कडेला दोन बफर, तर नॅरोगेजला मधोमध एकच.

दुसरी युक्ती म्हणजे रुंद वाघीण अख्खीच अरुंद मापाच्या वाहक-गाड्यावर चढवून नेणे. जर्मनीत ही पद्धत रूढ होती. ब्रिटनमध्ये ती पहिल्यांदा आणली ती याच कॅलथ्रॉपने, १९०४ मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेवर. माप बार्शीचेच, अडीच फूट. पण चढवायची वाघीण तिथे १४३५ मिलिमीटरची होती. आपली ब्रॉडगेजची भरलेली वाघीण त्याहून रुंद. तिचा बोजा ५ टनांच्या मर्यादेत बसवणे कठीण होते. कुर्डुवाडीला माल हातांनीच हलत राहिला.

आणि त्या हातांच्या भरवशावर बार्शी लाइट वाढली: १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. ठाणे-कल्याणच्या लोकांना ओळखीची नेरळ-माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, तीही अरुंद, दोन फुटी रुळांवर. तिच्या वळणांना जुळवून घेणाऱ्या इंजिनांचे आरेखनही कॅलथ्रॉपचेच.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्शी लाइटचे मार्ग ब्रॉडगेज झाले आणि कुर्डुवाडीतला माल हलवणे संपले. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांची नावे टिकतात, इंजिनिअरांची टिकतात. पण शतकभर बार्शीचा कापूस कल्याणमार्गे मुंबईला पोचला, तो दोन मापांमधले अंतर रोज पाठीवर भरून काढणाऱ्या हमालांमुळे. रूळ मोजणाऱ्या प्रत्येक इतिहासात त्यांच्या श्रमाची नोंद व्हायला हवी.