गावकुसाबाहेरचे हिंडणे

मागच्या उन्हाळ्यात एका शाळेच्या पालकसभेला मला पाहुणा म्हणून बोलावले होते. तीसेक वर्षे मास्तरकी केली, त्यामुळे अशी आमंत्रणे अजून येतात. माझ्याआधी जे गृहस्थ बोलले ते बोलले चांगले. मुलांना मोकळे सोडा, सारखे त्यांच्या मागे उभे राहू नका, पडू द्या, खरचटू द्या, असे त्यांचे म्हणणे. मग ते स्वतःच्या लहानपणात शिरले. वाड्यामागची चिंच, मळ्यातली विहीर, दुपारभर पोहणे. पोर कोठे आहे हे संध्याकाळपर्यंत कोणी विचारीत नसे. सभागृहातली माणसे माना डोलवीत होती. मीही डोलावली. नंतर लक्षात आले की आपण मान उगीच डोलावली. हे गृहस्थ माझ्याच वयाचे, माझ्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातले. पण त्यांच्या त्या विहिरीवर मी कधीच नव्हतो, आणि मला तेथे येऊही दिले नसते.

माझे गाव भूम तालुक्यातले. बालाघाटाच्या डोंगररांगांतला हा मुलूख, माळ फार आणि पाणी कमी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आमच्या वस्तीतल्या घरांतून देव्हारे उठले. अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा त्याच्या आदल्या वर्षीचा. म्हणजे मी हिंडू-फिरू लागलो तेव्हा राज्यघटना, कायदा आणि नवा धम्म तिन्ही माझ्या बाजूने होते. गावची विहीर मात्र होती तेथेच होती.

आम्हाला मोकळे सोडले होते काय? सोडले होते, आणि त्यात आईबापांचा काही विचार नव्हता. बाप पहाटे उठून जाई, कधी गावकीच्या कामाला, कधी मजुरीला. आई खुरपायला. घरी आजी, तिला दिसत नव्हते. ती उंबर्‍यात बसून नुसती हाका मारायची, "कुठं गेलीत रं लेकरं?" उत्तर द्यायला जवळ कोणी नसे. आम्ही माळावर. विटी-दांडू, लगोर्‍या, सूरपारंब्या हे सगळे होतेच. पण आमच्या खेळात पोट सारखे मधे येई. ओढ्यात खेकडे धरणे खेळ होता आणि रात्रीचे कोरड्यासही होते. टाकळा, तांदुळजा खुडून ओच्यात घालणे, चिंचोके भाजून खाणे, बोरीखाली दगड मारीत बसणे, यातला खेळ कोणता आणि भाकरीची सोय कोणती हे आज मला वेगळे काढता येत नाही. सवर्ण लेखकांच्या आठवणींतली मुले रानमेवा खातात. आम्हीही तोच खात होतो, फरक एवढाच की घरी गेल्यावर त्यांचे जेवण वाढलेले असे.

थोडे मोठे झाल्यावर गुरे राखणे आले. गुराख्याचे पोर लांबून पाहणार्‍याला फार स्वतंत्र दिसते. हातात काठी, डोक्यावर आभाळ. पण दुपारी मी कोणत्या बांधावर आहे हे माझ्या आईला ठाऊक नसले तरी गुरांच्या मालकाला ठाऊक असे. गाय कोणाच्या पिकात शिरली तर मार मला बसे.

आता माळाकडे पाठ करून गावाकडे पाहू. पोराच्या नजरेने गावाचा नकाशा काढला तर तो निराळाच निघतो. मारुतीच्या पारावर चढायचे नाही. विहिरीच्या काठावर उभे राहायचे नाही, कोणी वरून ओतील तेवढे ओंजळीत घ्यायचे. अमक्या गल्लीतून जाताना पळायचे नाही, कारण पळताना धक्का लागतो. आमच्या विटी-दांडूला एक नियम होता, तो इतर कोठे असेल असे वाटत नाही. दांडू गावाच्या दिशेने तोंड करून मारायचा नाही. विटी कोणाच्या अंगणात पडली तर ती आणायला कोण जाणार? किती विट्या अशा गेल्या! नवी विटी तासायला वेळ लागत नाही, पण तासताना पोर जे शिकते ते जन्मभर जात नाही. आमच्यावर लक्ष ठेवायला माणूस नव्हते आणि आमच्यापासून जपायला सारा गाव टपलेला होता. मुलांच्या स्वातंत्र्याची चर्चा करणारी विद्वान मंडळी देखरेख एकाच प्रकारची धरतात. आम्हाला तिचे दोन प्रकार माहीत आहेत, आणि एक वाट्याला आला नाही म्हणून दुसरा टळला असे कधी झाले नाही.

बहिणींविषयी एवढेच लिहितो की माझी बहीण आठ वर्षांची असताना तिच्या कमरेवर दुसरे पोर होते. ती लगोरी खेळली तीही त्या पोरासकट. लांब माळावर ती कधी आलीच नाही.

आणि पोहणे. गावात पोहायला शिकण्याची एक रीत होती. पाठीला वाळलेला भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचे टोक काठावर उभ्या चुलत्याच्या हातात. पोर बुडू लागले की चुलता दोर ओढी. दोन उन्हाळे असे गेले की भोपळा सुटे, मग दोर सुटे, मग पोर वरच्या पायरीवरून उडी मारी. त्या गृहस्थांनी सांगितलेली ‘दुपारभर पोहणे’ ही मोकळीक अशी पायरीपायरीने मिळालेली होती, हे ते सांगायला विसरले. त्यांना ते आठवतही नसेल. दोर धरणारा हात ज्याला जन्मतः मिळतो त्याला तो आठवत नाही.

आमच्याकडे सडकेसाठी दगड काढलेली एक खाण होती. पावसाळ्यात ती भरे. तेथे कोणाची ना नव्हती, कारण ते पाणी कोणालाच नको होते. १९६३ च्या पावसाळ्यात मी दहा वर्षांचा होतो. आम्ही पाच जण गेलो. काठचा दगड कापलेला असतो, पाण्याखाली तो एकदम तुटतो, हे आम्हाला कोणी सांगितलेले नव्हते. माझा एक सोबती, माझ्याहून वर्षाने लहान, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हसत होता आणि पुढचे पाऊल टाकले ते खालीच गेला. आमच्यात पोहता कोणालाच येत नव्हते. मी गावाकडे पळालो. त्या दिवशी गल्लीतून पळायचे नाही हे मी विसरलो. पोहणारी माणसे गावात होती. त्यातले दोघे धावत आले, पाण्यात उतरले, त्यांनी त्याला वर काढले. हे मी लिहिलेच पाहिजे, कारण ते खरे आहे. पण वस्तीपासून गाव आणि गावापासून खाण एवढे अंतर तोडेपर्यंत जे व्हायचे ते झाले होते. त्याच्या आईने आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. ती एवढेच म्हणत होती, "म्या खुरपाया गेल्ते, म्या खुरपाया गेल्ते." मला आजही पोहता येत नाही.

असल्या गोष्टी सरकारी दप्तरात सापडत नाहीत. गॅझेटियरात पिके, पाऊस, जाती, जत्रा सगळे असते. महारवाड्यातली, मांगवाड्यातली पोरे दिवसभर काय करीत हे नसते. ते प्रथम लिहिले आपल्याच माणसांनी. ‘बलुतं’ १९७८ चे, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चे, ‘उपरा’ १९८० चे, ‘अक्करमाशी’ १९८४ चे. या पुस्तकांवर साहित्य म्हणून भरपूर लिहून झाले. ती बालपणाच्या इतिहासाची साधने आहेत, या दृष्टीने आपल्या विद्यार्थ्यांनी ती पुन्हा वाचावीत असे मला वाटते.

पण या विषयावरचा सगळ्यात बोलका दस्तऐवज त्यांच्याही आधीचा आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणात १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. वाचकांना तो ठाऊक आहे. तरी तो मुलांनी मोठ्या माणसाविना केलेला प्रवास म्हणून पुन्हा पाहा. वडील नोकरीनिमित्त दूर, मुले सातार्‍यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, त्यांचे बंधू आणि मोठ्या बहिणीची मुले वडिलांकडे निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीचा पहिला आनंद. आज ज्याला आपण मुलांवर टाकलेला विश्वास म्हणतो तो सुभेदार रामजींनी टाकला होता. मसूर स्टेशनात उतरल्यावर न्यायला कोणी आलेले नाही, कारण पत्र पोचूनही नोकर ते द्यायला विसरला. एकटी, नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. म्हणजे येथपर्यंत सगळे जगात कोठेही घडेल तसेच आहे. हरवल्यासारखी मुले दिसली की मोठा माणूस जवळ येतो. मुले जात सांगतात आणि तो माणूस आपल्या खोलीत निघून जातो. भाडे दुप्पट दिले तरी गाडीवान गाडी हाकायला तयार नाही. गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने चालणार. जवळ जेवण आहे, पण पाणी नाही. रात्री जकातनाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. मुले उपाशी झोपली.

मुलाला एकटे सोडताना आईबाप मनात एक हिशेब धरतात: वाटेत काही झाले तर कोणीतरी असेल. अनोळखी माणूस, दुकानदार, स्टेशनमास्तर. समाज नावाची जी गोष्ट आहे ती येथे उपयोगी पडते. रामजींनीही तोच हिशेब धरला असणार. तो हिशेब जातीने मोडला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या रात्री तहानेबरोबर हेही कळले.

पारध्यांच्या मुलांची गोष्ट तर याहून वेगळी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यासारख्या जमातींवर हजेरी लादली, १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांपासूनच्या मुलग्यांनाही आईबापांपासून तोडून सुधारगृही ठेवण्याची मुभा सरकारला दिली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. भूमच्या बाजारात पारध्याचे पोर एकटे दिसले की दुकानदार अजून गल्ल्याकडे पाहतो.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाची मांडणी दुसरी आहे. इंग्लंडात १९७१ साली सात-आठ वर्षांची शंभरातली ऐंशी मुले शाळेला एकटी जात. १९९० साली मेयर हिलमन आणि सहकार्‍यांनी पुन्हा पाहिले तेव्हा ती नऊ उरली होती. मोटारींच्या भीतीने आईबापांनी मुले आत ओढली. अमेरिकेत युटा राज्याला २०१८ साली कायदा करावा लागला की मूल एकटे शाळेत गेले, बाहेर खेळले, तर तेवढ्यावरून ती आईबापांची हेळसांड धरायची नाही. मला हा कायदा चांगला वाटतो. पण त्याच २०१८ सालच्या जूनमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावी, विहिरीत पोहल्याबद्दल दोन मुलांना मारले, विवस्त्र केले आणि त्याचे चित्रीकरण केले. मुले मातंग समाजाची. उन्हाळा होता, विहिरीला पाणी होते, मुले पोहली. युटाच्या कायद्याने येथे काय करावे?

आणि खर्डा तर भूमच्या शिवेपलीकडेच. २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या नितीन आगेला तेथे दिवसाढवळ्या मारले. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो हा संशय. २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार फितूर झाले होते. त्या वर्षी आमच्याकडे मुलगे असलेल्या घरांतून संध्याकाळी सातला दारे लागत. आमच्या पोरांना कोंडून घालणारी ही भीती मोटारींची नव्हे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनी आमच्या आयाबायांना ‘पोरांना मोकळे सोडा’ हे सांगू नये, किंवा सांगायचे तर आधी खर्ड्याला जाऊन यावे.

हे मी म्हणतो खरे, पण घरात मी वेगळ्याच पेचात असतो. याच तालुक्यातून दरसाल दसर्‍यानंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. फडावरच्या कोपीबाहेर उघड्यावर हिंडणारी पोरे आजही तीच आहेत, ट्रॅक्टरच्या चाकांमधून फिरणारी, राखायला कोणी नसलेली. आणि माझा नातू शहरात चौथ्या मजल्यावर. तो तलावात शिट्टीवाल्या मास्तराकडे पोहायला शिकला, मी बाकावर बसून पाहत होतो. दोर धरणारा हात त्याला मिळाला. पण तो कोठेही एकटा जात नाही. त्याला झाड चढता येत नाही, वाट विचारता येत नाही. मला जे मिळाले नाही ते सगळे आम्ही त्याला दिले, आणि माझ्याकडे जे एकच होते, तो माळ, ते द्यायला आमचा हात धजत नाही.

यंदा संक्रांतीला त्याला गावी नेले. दुसर्‍या दिवशी भावकीतली पोरे त्याला हाक मारायला आली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी जा म्हणालो. सूनबाईने काही विचारले नाही, पण तीही दारात येऊन उभी राहिली. पाऊण तासाने मी चपला घातल्या.

"बाबा, बसा," ती म्हणाली.

मी बसलो. दोन तासांनी तो आला. तळव्यात काटे, खिशात बोरे. खाणीवर गेलो होतो म्हणाला.

"पाणी होतं?"

"थोडंच होतं. खाली खाली."

तो कुठपर्यंत उतरला होता, हे मी त्याला विचारले. पोरे हसायला लागली, आणि तो हाताने दाखवू लागला.