नाच, ताप आणि पाणी

पाण्यानें जीव वांचतो, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु पाण्याच्या अभावीं मनुष्य दगावतो, तसा क्वचित् त्याच्या अतिरेकानेंही दगावतो. आणि या दोन्ही टोकांचा अनुभव इंग्लंडमधील तरुण पिढीनें विसाव्या शतकाच्या अखेरीस अवघ्या सहासात वर्षांत घेतला. त्यास कारण झालेली 'एक्स्टसी' नांवाची गोळी आज आमच्या देशांतील नृत्यमेळ्यांतही सांपडते. म्हणून तिची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें.

या गोळींतील द्रव्यास एमडीएमए म्हणतात. जर्मनींतील डार्मश्टाट येथील मर्क कंपनीनें १९१२ च्या डिसेंबरांत त्याच्या कृतीचें पेटंट मागितलें. भूक मारण्याचें औषध म्हणून तें शोधलें गेलें, अशी कथा पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. ती निराधार आहे. कंपनीस रक्तस्राव थांबविणारें औषध हवें होतें, आणि हें द्रव्य म्हणजे त्या वाटेवरील केवळ एक टप्पा होता. पुढें कित्येक वर्षें त्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. १९७८ सालीं अमेरिकेंतील अलेक्झांडर शुल्गिन व डेव्हिड निकोल्स यांनीं त्याच्या मनुष्यावरील परिणामांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कांहीं मानसोपचारकांनीं तें रुग्णांस देऊनही पाहिलें. लौकरच तें नाचघरांत शिरलें. ब्रिटननें त्यावर १९७७ सालींच बंदी घातली होती. अमेरिकेनें १९८५ सालीं घातली. परंतु १९८७ च्या उन्हाळ्यांत स्पेनच्या इबिझा बेटावर गेलेले लंडनचे कांहीं तरुण तेथील संगीताची आणि या गोळीची गोडी घेऊन परतले, आणि वर्षभरांत इंग्लंडांतील ओसाड गोदामांतून व शेतांतून रात्रभर नाच चालूं लागले.

या द्रव्याचा गुण असा कीं, तें मेंदूंतील सेरोटोनिन एकदम मोकळें करितें. मनास उल्हास होतो, परक्याविषयींही आपलेपणा वाटतो. पण थकवा व तहान यांची जाणीव मंदावते आणि शरीराचा उष्णतेवरील ताबा ढिला पडतो. अशा स्थितींत कोंदट, गर्दीनें भरलेल्या दालनांत तासचे तास नाचणें म्हणजे आंतून व बाहेरून तापणें होय. कांहीं नाचघरांच्या चालकांनीं तर बाटलीबंद पाणी खपावें म्हणून थंड पाण्याचे नळच बंद ठेविले! १९८९ च्या जुलैमध्यें मँचेस्टरच्या हॅसिएन्डा नाचघरांत ही गोळी घेतलेली सोळा वर्षांची एक मुलगी कोसळली व दगावली. १९९२ सालीं डॉक्टर जॉन हेन्री व त्यांचे सहकारी यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत सात मृत्यूंची हकीकत दिली. ताप भडकणें, झटके येणें, बारीक रक्तवाहिन्यांत रक्त गोठणें, स्नायूंचा नाश आणि मूत्रपिंडें बंद पडणें, अशीं लक्षणें त्यांनीं नोंदलीं. ही अवस्था फार मोठ्या मात्रेनेंच येते असेंही नाहीं.

तेव्हां मँचेस्टरच्या 'लाइफलाइन' सारख्या संस्थांनीं सुरक्षित नाचाची मोहीम हातीं घेतली. मधून मधून विसांवा घ्या, थंड जागीं बसा, पाणी प्या, असें त्या सांगूं लागल्या. सल्ला योग्यच होता. पण तोंडोतोंडीं पसरतां पसरतां त्यांतील 'पाणी प्या' एवढेंच उरलें.

१९९५ च्या नोव्हेंबरांत एसेक्स परगण्यांत एका मुलीचा अठरावा वाढदिवस घरींच साजरा होत होता. तिनें एक गोळी घेतली. बरें वाटेनासें झालें, तेव्हां ऐकीव सल्ल्याप्रमाणें ती पाणी पीत सुटली. दीड तासांत सुमारें सात लिटर! ती रात्रभर नाचली नव्हती, कीं घामानें निथळली नव्हती. मेंदूस सूज येऊन ती बेशुद्ध झाली आणि पुन्हा शुद्धीवर आलीच नाहीं. एका गोळीनें जीव घेतला, असें सांगणारे तिच्या छायाचित्राचे फलक देशभर लागले. पाण्याची गोष्ट मात्र त्यांवर नव्हती.

तिचें कारण पुढें उलगडलें. निरोगी स्वयंसेवकांस अल्प मात्रा देऊन हेन्री प्रभृतींनीं १९९८ सालीं दाखविलें कीं, या द्रव्यानें व्हॅसोप्रेसिन नांवाचा अंतःस्राव वाढतो. तो मूत्रपिंडांस पाणी राखून ठेवावयास लावतो. मग प्यालेलें पाणी आंतच सांठतें, रक्तांतील सोडियम विरळ होतें, मेंदू सुजतो. आणि कवटी तर ताणत नाहीं. तरुण स्त्रियांस हा धोका विशेष असतो. म्हणून सल्ला सुधारण्यांत आला: नाचत असल्यास तासास सुमारें अर्धा लिटर पाणी, बसून असल्यास त्याच्या निम्में, तेंही घोट घोट.

या इतिहासांत दोन्ही पक्षांचें सत्य अपुरें होतें. केवळ भय घालणाऱ्यांनीं मरण कसें येतें हें सांगितलें नाहीं. आणि गोळी घेणारे बहुतेक जण जिवंत राहतात हें मुलें डोळ्यांनीं पाहत असल्यामुळें, त्या भयावर त्यांचा विश्वास बसला नाहीं. उलट अर्धा सल्ला देणाऱ्यांचा शब्द मुलांनीं मानला, आणि तोच एकीस भोंवला.

गोव्यांतील हणजुणें गांवचे किनाऱ्यावरील नाच जगभर ठाऊक आहेत. आमचा अमली पदार्थांचा कायदाही १९८५ चाच. त्यांत हें द्रव्य निषिद्ध आहे, आणि तें योग्यच आहे. गोळी कोणत्या द्रव्याची व किती मात्रेची, हें विकणाराही खात्रीनें सांगूं शकत नाहीं. म्हणून ती न घेणें हाच एक निर्धोक मार्ग. पण एवढें बजावून घरच्या वडीलधाऱ्यांचें काम संपत नाहीं. अंग भाजून निघणें, बरळणें, झटके, न थांबणारी डोकेदुखी व ओकाऱ्या, यांपैकीं कांहीं दिसतांच क्षणाचाही विलंब न करतां रुग्णालय गांठावें आणि काय घेतलें तें डॉक्टरांस खरें सांगावें, हेंही मुलांस ठाऊक पाहिजे. अशा वेळीं सोबती गप्प राहतात ते बहुधा घरच्या रागाच्या भयानें. तो राग सकाळपर्यंत थांबेल, असा भरंवसा मुलांस आधींच दिलेला असावा.