विनाइल रेकॉर्ड म्हणजे काय? रावेरच्या उन्हात ती टिकते का?

एखाद्या बँडचा नवा अल्बम आला की पोस्टखाली हल्ली एक ओळ दिसते: ‘विनाइलवरही उपलब्ध’. दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ या इंडी रॉक बँडचा ‘बेटा’ हा अल्बम ऑगस्ट २०२४ मध्ये आला. तो मोबाइलवर ऐकता येतो आणि तबकडीवर विकतही मिळतो. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या म्युझिक कंपनीच्या पैशावर न चालणारा बँड. गाणी फोनवर असताना अडीच-तीन हजार आणि पुढे कितीही मोजून तबकडी का घ्यायची? आणि घेतलीच, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या रावेरमध्ये ती टिकणार का?

तबकडी नवी नाही

आजोबांच्या काळातल्या, पडली की फुटणाऱ्या रेकॉर्ड्स लाखेच्या होत्या आणि मिनिटाला ७८ फेऱ्या घेत. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकची ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली. आपल्याकडे लग्नात कर्ण्यावर वाजायच्या त्या रेकॉर्ड्स आणि ही ‘एलपी’ एकाच घराण्यातल्या. ऐंशीच्या दशकात कॅसेटने हा धंदा बसवला.

रॉकही तेव्हा तबकडीवर येत होतं. मुंबईच्या ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडची एलपी म्युझिक इंडियाने १९८१ साली काढली. २०११ मध्ये एका अमेरिकी कंपनीने ती पुन्हा छापली आणि ज्यांनी बँडचं नावही ऐकलं नव्हतं अशा लोकांनी ती घेतली.

ती बनते कशी?

आधी लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर सुईने गाण्याची खाच कोरतात. त्यावर चांदीचा पातळ मुलामा आणि मग निकेलचा थर चढवून धातूचा उलटा साचा काढतात. असे दोन साचे, मध्ये गरम पीव्हीसीचा गोळा, वरून प्रेसचा दाब. अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक तबकडी तयार होते, आणि कडेचं जास्तीचं प्लॅस्टिक कापून टाकतात. आपल्याकडे हे काम अनेक वर्षं बंद होतं, म्हणून भारतीय बँड परदेशातून तबकड्या छापून आणत. अलीकडे मुंबईत ‘समन्वी’ नावाच्या कंपनीने पुन्हा प्रेस सुरू केला आहे.

एका बाजूवर साधारण २० मिनिटं मावतात. जास्त कोंबली तर खाचा अरुंद होतात, आवाज आणि बेस दोन्ही कमी होतात. शिवाय आतल्या कडेला सुईखालून खाच हळू सरकते, त्यामुळे तिथे झांजा आणि ‘स’चा उच्चार फाटण्याची शक्यता जास्त. म्हणून अनेक बँड बाजूच्या शेवटी शांत गाणं ठेवतात. अल्बममधल्या गाण्यांचा क्रम तुम्हाला विचित्र वाटला असेल, तर कारण हेही असू शकतं.

मग घेतात कशाला?

पैशासाठी, हे सरळ उत्तर. स्ट्रीमिंगवर एका वेळच्या ऐकण्याचा एक रुपयाही बँडच्या हाती येत नाही. त्यात छोट्या बँडचे श्रोते हजारांत, लाखांत नाहीत. ३००-५०० तबकड्या विकल्या तर पुढच्या रेकॉर्डिंगचा बराचसा खर्च निघू शकतो. अमेरिकेत २०२२ साली विनाइल ४ कोटी १० लाख विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर प्रथमच विनाइल संख्येने पुढे गेली.

आवाज चांगला असतो, या जाहिरातीवर मात्र फार जाऊ नका. नव्या तबकड्यांपैकी बऱ्याच डिजिटल फाइलवरूनच कोरलेल्या असतात. आवाज वेगळा लागतो, हे खरं. सरस की नाही, ते प्लेअर आणि स्पीकरवर अवलंबून आहे. सुटकेससारखे स्वस्त प्लेअर सुईचा दाब पाच-सहा ग्रॅमपर्यंत टाकतात, बऱ्या टर्नटेबलवर तो दीड-दोन ग्रॅम असतो. तीन हजारांची तबकडी अशा स्वस्त प्लेअरवर रोज वाजवली तर ती लवकर झिजते.

खान्देशचं ऊन

तबकडीचं प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. रावेरची हवा तेवढी तापत नाही. पण काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी सहज तिथवर पोचते, पत्र्याच्या छताखालचा माळाही धोक्याचा. एकदा वाकलेली तबकडी घरगुती उपायांनी सहसा नीट होत नाही. पुन्हा उन्हात ठेवून सरळ करायचा प्रयत्न तर मुळीच करू नका, खाचाच बिघडतात.

घर धाब्याचं असेल तर आतली खोली उत्तम, मातीचं छत उन्हाला अडवतं. स्लॅबचं असेल तर पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला टाळा. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की खालचीवर भार येतो आणि उन्हाळ्यात हाच भार तिला वाकवतो. गावात धूळ भरपूर, म्हणून वाजवण्याआधी मऊ ब्रशने पुसा आणि वाजवून झालं की लगेच कव्हरमध्ये घाला.

मागवायची तर शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनच किंमत मोजा. पार्सल मे महिन्यात आलंच, तर लगेच फोडून वाजवू नका. दोन-तीन तास सावलीत राहू द्या. उघडताना व्हिडिओ काढा, मग तबकडी प्लेअरवर ठेवून बाजूने बघा. कड वर-खाली होताना दिसली तर तो व्हिडिओ त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवा.