गुडघ्यावरचा हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोताळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं. ते चालवणारा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. चालताना तो उजवा हात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर दाबून धरायचा आणि प्रत्येक पावलाला कमरेत वाकायचा. आम्हा मुलांना ती त्याची लकबच वाटायची. लहानपणी पोलिओ झाला. आजीने तेल लावून पाय चोळला, विटेचा शेक दिला. पुढे कुठल्याशा शिबिरात कॅलिपर मिळाला. मुलगा वाढला, कॅलिपर वाढला नाही. तो घरातल्या खुंटीला टांगला गेला, तो कायमचाच.

1996 साली मी भौतिकोपचार, म्हणजे आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो ते शिकायला नागपूरला गेले. शरीररचनेच्या तासाला मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू शिकवला. तो गुडघा ताठ धरून ठेवतो. तो लुळा पडला की गुडघा दगा देतो, म्हणून माणूस हाताने मांडी मागे रेटत चालतो. वहीत हे उतरवून घेता घेता माझी लेखणी थांबली. दादाचा हात इतकी वर्षं एका स्नायूची नोकरी करत होता आणि आम्ही त्याला लकब म्हणत होतो!

आमच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांचं एक मंडळ होतं. त्यात मी का गेले याचं खरं कारण सांगायला हरकत नाही. रविवारी संध्याकाळी वसतिगृहाची मेस बंद असायची आणि मंडळाच्या बैठकीला तर्री-पोहे असायचे. दहा रुपये वर्गणी, पंधरा-सोळा टाळकी, जिन्याखालची जागा. चार-दोन बैठका मी नुसत्या पोह्यांवर काढल्या. मग 1997च्या ऑगस्टमध्ये सिनिअर ताईंनी पकडलं. आठ सप्टेंबरला भौतिकोपचार दिन, त्याचं भित्तिपत्रक करायचं होतं. ‘आपल्या व्यवसायाचा इतिहास तू लिही,’ म्हणाल्या. पोह्यांची किंमत अशी वसूल झाली.

त्याच सुमारास एका वॉर्डात एका नातेवाइकाने मला ‘ए मालिशवाली’ अशी हाक मारली होती. मी खोलीवर येऊन रडले होते. त्यामुळे ग्रंथालयात जे पहिलं पान हाती लागलं, त्यावर माझा विश्वासच बसेना. 1894 साली लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, असा गवगवा झाला. वैद्यकीय नियतकालिकांनीही त्यावर लिहिलं. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या परिचारिकांचीही त्यात बदनामी होऊ लागली. तेव्हा ल्युसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघी एकत्र आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मालिशकारांची एक संस्था काढली. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज उपचार करायचे नाहीत, असे कडक नियम त्यांनी स्वतःलाच घालून घेतले. आज इंग्लंडमध्ये या व्यवसायाची जी मोठी संस्था आहे, तिचं मूळ हे. म्हणजे मला मारलेली हाक शंभर वर्षं जुनी होती, आणि तिच्यावरचं उत्तर चौघींनी एकत्र बसून शोधलं होतं.

दुसरं पान ऑस्ट्रेलियाचं. तिथे एलिझाबेथ केनी नावाची, रीतसर पदवी नसलेली एक परिचारिका आडगावांतून रुग्णसेवा करायची. पोलिओ झालेल्या मुलाचा पाय फळ्यांना बांधून निश्चल ठेवावा, असं तेव्हाचे डॉक्टर मानत. ही बाई गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या लोकरी कापडाने पाय शेकायची आणि हळूहळू हालवायला शिकवायची. तज्ज्ञांनी तिला पुष्कळ हसून घेतलं. पण 1940मध्ये ती अमेरिकेला गेली आणि तिथे तिच्या पद्धतीला मोठी मान्यता मिळाली. मला दादाची आजी आठवली. तिच्या शेकात ऊब होती. त्यापुढे पायाचं करायचं काय, हे सांगणारं मात्र तिला कोणी भेटलं नाही.

आपल्याकडे ते सांगणारी माणसं तयार व्हायला मुंबईत सुरुवात झाली, आणि तीही बऱ्याच अंशी पोलिओमुळे. पन्नाशीच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ आली. त्यानंतर केंद्र सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने 1953 साली केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली. देशातली ही पहिली. दोनच वर्षांनी, 1955 साली, भारतीय भौतिकोपचार तज्ज्ञांची संघटना उभी राहिली. शिकून बाहेर पडलेली माणसं तेव्हा मूठभरच असणार. तरी आधी संघटना केली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

केईएममध्ये या विद्येची बहीण तीन वर्षं आधीच आली होती. एलिझाबेथ लुंडी ही अमेरिकन स्त्री विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आली आणि कमला निंबकर झाली. अपंगांना हाताच्या कामातून पुन्हा उभं करणारा व्यवसायोपचार त्या शिकून आल्या आणि 1950 साली त्यांनी केईएममध्ये त्याची शाळा काढली. 1952मध्ये अखिल भारतीय संघटनाही स्थापली. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, ती पुष्कळांना ठाऊक असते. हे काम फारसं ठाऊक नसतं.

भित्तिपत्रक लागलं. लोकांनी वाचलं की नाही कोण जाणे, मी मात्र बदलले. पुढच्या बैठकीत उठून म्हणाले, ‘आपण मोताळ्याला जाऊ.’

1998च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहा जण रात्रीच्या गाडीने मलकापूरला उतरलो, तिथून एसटीने मोताळ्याला. शाळेच्या व्हरांड्यात पथाऱ्या टाकल्या. सकाळी मी सगळ्यांना मोठ्या दिमाखात दादाच्या दुकानावर नेलं. तो ट्यूबला पंक्चर काढत होता. आम्ही त्याचा गुडघा तपासला, पाठ पाहिली, आपसात इंग्रजीत बोललो. दादाने हात पुसले.

‘माह्यं झालं आता,’ तो म्हणाला. ‘तुम्ही आले वीस वर्षांनी. त्या पोराले पाहा आधी.’

दोन घरं सोडून सहा वर्षांचा एक मुलगा होता. तोही पोलिओचा. दिवसभर बसून बसून त्याचा पाय खुब्यात आणि गुडघ्यात आखडत चालला होता, पण अजून वेळ गेली नव्हती. आम्ही त्याच्या आईला दोन गोष्टी शिकवल्या: रोज त्याला थोडा वेळ पालथं झोपवायचं आणि पाय हळूहळू ताणायचा. तिसऱ्या दिवशी ती आमच्यापेक्षा सफाईने करू लागली. नागपूरला आणून त्याला कॅलिपर करून घेतला. दोन्ही हात मोकळे ठेवून तो पहिल्यांदा चालला, तेव्हा त्या हातांचं करायचं काय, हेच त्याला कळेना.

खरं काम त्यानंतर होतं. मूल वाढतं, कॅलिपर वेळोवेळी वाढवावा लागतो. दर तीन महिन्यांनी मंडळातले दोघे टेप घेऊन मोताळ्याला जायचे आणि वहीत मापं लिहायचे, असं ठरलं. वर्ष-दीड वर्ष ते चाललंही. पण विद्यार्थ्यांच्या मंडळाचा एक मोठा दोष असतो: त्यातले विद्यार्थी पास होतात. आमची बॅच पांगली, नव्या मुलांच्या परीक्षा आल्या, फेरी चुकली, मग दुसरीही चुकली. मीसुद्धा नोकरीच्या खटपटीत होते. हे सांगताना आजही बरं वाटत नाही.

त्यानंतर पुष्कळ झालं. आमच्या व्यवसायासाठी राज्याने 2002 साली परिषदेचा कायदा केला, 2021मध्ये केंद्राचाही कायदा आला. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011मध्ये सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पल्स पोलिओच्या केंद्रांवर आमच्या मंडळातल्या मुलामुलींनीही थेंब पाजले होते.

पण मला सांगायचं आहे ते पोस्टकार्डांचं. आमच्या फेऱ्या थांबल्यावर दादाने दुकानातला टेप घेऊन त्या मुलाचा पाय स्वतः मोजायला सुरुवात केली होती. माप तो पोस्टकार्डावर लिहून वसतिगृहाच्या पत्त्यावर माझ्या नावाने टाकायचा. मजकूर एका ओळीचा: पाय इतका वाढला, कॅलिपर तितकाच आहे. मी तिथून निघून गेले होते. दोन कार्डं खिडकीत धूळ खात पडली. तिसरं एका ज्युनिअर मुलीने वाचलं. तिने आधीची दोन्ही शोधून काढली, तिन्ही रविवारच्या बैठकीत वाचून दाखवली आणि त्याच आठवड्यात मैत्रिणीला घेऊन मलकापूरची गाडी पकडली.