गोव्याच्या गवयाची शाळा कुठली?

डिसेंबर आला की आमच्याकडे शाळांची स्नेहसंमेलनं सुरू होतात. प्रमुख पाहुणा म्हणून शक्यतो माजी विद्यार्थी बोलावतात. तो डॉक्टर किंवा इंजिनियर असला तर भाषण सोपं असतं, गणिताच्या मास्तरांची आठवण काढली की झालं. पण पाहुणा संगीताचा अभ्यासक असला की गंमत होते. तो शाळेचे मनापासून आभार मानतो, बाकं, घंटा, मार सगळं आठवतो, आणि मग जरा अडखळत सांगतो की गाणं मात्र मी या शाळेत शिकलो नाही. अशी दोन-तीन भाषणं मी ऐकली आहेत. समोरची मुलं टाळ्या वाजवतात आणि कार्यक्रम बक्षीस समारंभाकडे वळतो. मला मात्र प्रत्येक वेळी एकच प्रश्न पडत आला आहे. एवढे गवई आणि वादक देणाऱ्या या चिमुकल्या गोव्यात गाण्याची शाळा होती तरी कुठली?

उत्तर असं की एक नव्हे, दोन होत्या. एक इगर्जीच्या आवारात आणि दुसरी देवळाच्या मंडपात.

इगर्जीची शाळा म्हणजे पोर्तुगीज ज्याला 'इश्कोला पारोकियाल' म्हणत ती. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून या शाळा उभ्या राहू लागल्या. उद्देश अर्थातच धर्मशिक्षणाचा होता. पण मिस्सेला गाणारी पोरं हवीत, म्हणून वाचन-लेखनाबरोबर संगीतही आलं. शिकवणारा तो मेस्त. तो आधी 'सोल्फ' घोटून घेई, म्हणजे पाच रेघांवर मांडलेले स्वर डोळ्यांनी वाचून गळ्यातून काढायला शिकवी. ते जमलं की हातात व्हायोलिन. रेंदेराचा मुलगा असो की भाटकाराचा, इगर्जीच्या गायनवृंदात उभं राहायचं तर स्वर वाचता आलेच पाहिजेत. संगीताची ही अशी साक्षरता त्या काळात हिंदुस्थानात अन्यत्र खेड्यापाड्यांत कुठे होती?

दुसरी शाळा आपली. तिला ना फळा, ना हजेरीपट. देवळातला उत्सव, कीर्तन, भजनी सप्ताह, दशावतारी काला, आणि ज्यांच्या घरी देवाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली त्या कलावंत घरांतली तालीम. इथे डोळ्यांना काम नव्हतं, कान आणि स्मरण हेच सगळं. मास्टर दीनानाथांनी बालपणीचे धडे मंगेशीत बाबा माशेलकरांकडे घेतले. केसरबाई केरकर लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या आणि गोव्यात परतल्यावर लामगावात रामकृष्णबुवा वझे येत त्यांच्याकडे. मोगूबाई कुर्डीकरांची शाळा म्हणजे तर नाटक मंडळी. आईने लहानग्या मोगूला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातलं. 1914 साली आई गेली तेव्हा मोगूबाई अवघ्या दहा वर्षांच्या होत्या. आणि लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर! दोन हात, दोन पाय आणि तोंड यांनी वेगवेगळ्या लयी एकाच वेळी सांभाळणारा हा माणूस कुठल्या विद्यापीठात गेला होता?

या दोन शाळांमध्ये अंतर किती? काही ठिकाणी जेमतेम एका नदीचं. पण एकमेकींच्या उंबऱ्याला त्यांनी शिवलं नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. श्रीमंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळी. तिथून 1560 साली देव जुवारी ओलांडून प्रियोळला आला. तिसवाडी, बार्देश, सासष्टीतले देव गेले तसे त्यांच्यामागून मंडपही गेले आणि अंत्रुज महाल गाण्याचं माहेर झाला. इकडे 1616 साली राशोलच्या छापखान्यातून फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, तेही मराठी ओवीत. त्यानंतर एकशे वीस वर्षांनी, 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती घरांतल्या लग्नात ओव्या गायला बंदी घातली. ज्या ओवीत येशूची कथा सांगितली तीच ओवी पुढे गुन्हा ठरली. दोन शाळांमधली भिंत ही अशी उभी राहिली.

ती भिंत पडली, पण गोव्यात नव्हे, मुंबईत.

बोलपट आले तेव्हा संगीत दिग्दर्शकांपुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. चाल त्यांच्या डोक्यात पेटीवर तयार असे. पण तीस-चाळीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं हे प्रत्येकाला कागदावर द्यावं लागतं. तो कागद लिहिणार कोण आणि वाचणार कोण? सासष्टी-बार्देशची पोरं ते मेस्ताकडे शिकून आली होती. शंकर-जयकिशनसाठी वाद्यमेळ बांधणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचे. सी. रामचंद्रांच्या बरोबर 'अलबेला' (1951) गाजवणारे चिक चॉकलेट हळदोण्याचे. सिनेमाच्या पाट्यांवर यांची नावं बहुधा येतच नसत. आमच्या आधीच्या पिढीने सगळ्या हिंदी गाण्यांवर जीव टाकला, पण त्यांतले व्हायोलिनचे तुकडे आपल्याच शेजारच्या गावात शिकलेल्या माणसाने लिहिले आहेत हे किती जणांना ठाऊक होतं?

अँथनी गोन्साल्विस यांचं नाव तरी लोकांना ठाऊक आहे, ते 'अमर अकबर अँथनी' (1977) मधल्या गाण्यामुळे. पण बहुतेकांना ते काल्पनिक वाटतं. माणूस खराखुरा होता, माजोर्ड्याचा, जन्म 1927. वडील गावच्या इगर्जीत गायनवृंदाचे मेस्त, म्हणजे शाळा घरातच. 1943 मध्ये हा मुलगा मुंबईला गेला, नौशादांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला, आणि पुढे शिकवूही लागला. त्याच्याकडे शिकलेल्यांपैकी एक प्यारेलाल. गुरूचं नाव गाण्यात आलं ते त्यातूनच.

पण मला या माणसाची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. सिनेमात व्हायोलिन वाजवता वाजवता त्याला आपल्या रागांचं वेड लागलं. राग ही गोष्ट पाच रेघांत मावेल का, शंभर वादकांना तो एकत्र वाजवता येईल का, हा त्याचा ध्यास. 1958 साली त्याने इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. सारंग रागावरची कॉन्चेर्तो त्यात होती. शंभरावर कलाकार, आणि एकल गायनाला मन्ना डे आणि लता मंगेशकर.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. लताबाईंचा जन्म इंदूरचा, पण गळ्यात जे उतरलं ते मंगेशीच्या मंडपातून निघालेल्या वडिलांकडून. समोर माजोर्ड्याच्या मेस्ताचा मुलगा. मधल्या जुवारीने आणि चारशे वर्षांनी दूर ठेवलेल्या गोव्याच्या दोन शाळा त्या दिवशी एका चौकात उभ्या राहिल्या. एकीने लिहिलं, दुसरीने गायलं. त्यासाठी दोघींनाही गाव सोडावं लागलं होतं.

आता परतण्याविषयी. इगर्जीच्या शाळेतून गेलेल्यांपैकी काही जण परत आले. सेमिनारीत शिकून लिस्बनला गेलेले लोटलीचे आंतोनियो फिगरेदो परतले आणि 1952 मध्ये त्यांनी पणजीत 'आकादेमिया द मुझिका' सुरू केली. फादर लूर्दिनु बार्रेतो रोमला जाऊन धर्मसंगीताचा अभ्यास करून आले, राशोलच्या सेमिनारीत शिकवू लागले आणि पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुखही झाले. विद्वान आपल्या शाळेत परततो तो एका भाषणापुरता नव्हे, शिकवायला, याचं हे आपल्याच गोव्यातलं उदाहरण. अँथनी गोन्साल्विस 1965 मध्ये अमेरिकेला गेले आणि कालांतराने माजोर्ड्यात येऊन राहिले. सिनेमाची दुनिया त्यांना जवळजवळ विसरली. 2012 च्या जानेवारीत ते गेले.

आणि आपल्या बाजूचे? त्यांना परतायला शाळाच नव्हती. मोगूबाईंचं कुर्डी गाव 1980 च्या दशकात साळावलीच्या धरणाखाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की काही दिवस गाव वर येतं, लोक सोमेश्वराच्या देवळाशी आणि चॅपेलशी जमतात, आणि पाऊस लागला की पुन्हा सगळं पाण्यात. केसरबाईंची गोष्ट याच्या उलट. केरीत जिथे त्यांचं दुसरं घर होतं तिथे आज त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे. कधी शाळेच्या बाकावर बसून गाणं न शिकलेल्या बाईच्या घराचीच शाळा झाली!

मी कारकून माणूस. आमच्या खात्यात एक नियम सगळे न सांगता पाळतात, ज्याची फाईल नाही ते घडलंच नाही. मेस्ताच्या शाळेत स्वर कागदावर होते, पण शिकवणाऱ्याचं नाव कुठे नाही. मंडपाच्या शाळेत तर दोन्ही नाहीत. 1970 मध्ये कला अकादमी झाली, त्यानंतर भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही विभाग एका छपराखाली आले, ही मोठीच गोष्ट. आज आमची मुलं गांधर्व महामंडळाच्या प्रवेशिका-मध्यमा देतात, शेजारची मुलं पियानोच्या ग्रेड देतात, दोघांकडे शिक्क्याची प्रमाणपत्रं असतात. वाईट काही नाही त्यात. पण प्रमाणपत्रावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नाव असतं. पेटी हातात धरून पहिला सा लावून देणाऱ्या भजनी मास्तरांचं, किंवा व्हायोलिनच्या तारा जुळवून देणाऱ्या मेस्ताचं नाव त्यावर नसतं. तसे मेस्त आणि तसे मास्तर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

म्हणून शाळांच्या व्यवस्थापनांना एक सुचवावंसं वाटतं. संगीतातला माजी विद्यार्थी पाहुणा म्हणून बोलावलात तर हारतुरे आटोपते घ्या आणि त्याला एकच प्रश्न विचारा: तुला पहिला स्वर कुणी दिला, कुठल्या मंडपात, कुठल्या इगर्जीत? तो नाव सांगेल. ते शाळेच्या वार्षिकात छापा. शक्य असेल आणि ती व्यक्ती हयात असेल तर पुढच्या वर्षी पाहुणा म्हणून तिलाच बोलवा. कदाचित त्या म्हाताऱ्या माणसाला भाषण करता येणार नाही. नाही आलं तर मुलांना सोल्फ म्हणून दाखवायला सांगा, एखादा अभंग म्हणायला सांगा. तेवढं पुरे.